शेठ, एआय बसवून घ्या

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही छोट्या कारखान्यात शिरा, रिसेप्शनला एक रेक्झिनचा सोफा असतो आणि त्याच्यावर भिंतीला आयएसओचं सर्टिफिकेट. सर्टिफिकेट मोठ्या हौसेनं मढवलेलं असतं. मुदत संपल्याची तारीख तेवढी फ्रेमच्या पट्टीखाली गेलेली असते. माझा धंदा कार्बाइड इन्सर्ट विकण्याचा. सीएनसी मशीनच्या टूलला लागणारी ती नखाएवढी पाती. अर्धा दिवस ती दाखवण्यात जातो आणि उरलेला अर्धा या सोफ्यावर, मागच्या मालाचं पेमेंट निघण्याची वाट बघण्यात. त्यामुळे मशीनमधलं मला बेताचं कळतं, पण सल्लागार या जमातीचा माझा अभ्यास दांडगा आहे. तेही याच सोफ्यावर बसतात. फरक इतकाच, की मी झालेल्या व्यवहाराचे पैसे मागायला आलेलो असतो आणि ते न झालेल्या कामाचे. त्यांना आधी आत बोलावतात.

माझ्या देखत पहिल्यांदा आले आयएसओवाले. त्यांनी कारखान्यांना नोंदी ठेवायला शिकवलं. ऑडिटच्या आदल्या रात्री वर्षभराच्या नोंदी तीन वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी एकाच माणसाकडून भरून घ्यायच्या, ही विद्या त्यांचीच. मग वास्तुवाले आले. मालकांच्या खुर्च्या नैऋत्येला सरकल्या, कॉम्प्रेसर आग्नेयेला गेले, आणि ईशान्येला संडास निघाल्यामुळे एका कारखान्याचे कामगार बरेच दिवस शेजारच्या गाळ्यात जात होते. त्यानंतर जपानी पद्धतीचे फाइव्ह एसवाले जमिनीवर पिवळे पट्टे मारून गेले. कुठली वस्तू कुठे ठेवायची ते त्या पट्ट्यांनी ठरायचं होतं. पट्टे आजही जागेवर आहेत. त्यांच्या आत मालकांची ॲक्टिव्हा उभी असते. मग ईआरपीवाले. त्यांनी सगळ्यांत जास्त पैसे नेले. त्यांचं सॉफ्टवेअर अजून चालू आहे असं म्हणतात, पण ज्या पोराला पासवर्ड ठाऊक होता तो चाकणला लागला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मात्र सल्लागाराची खरोखर गरज पडली. त्या सुमारास सल्लागार आमच्याइतकेच गोंधळलेले होते, हा भाग वेगळा.

आता एआयवाले फिरताहेत.

चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. त्यानंतर वर्षभरात भोसरीच्या सोफ्यांवर एआय सल्लागार दिसायला लागले. हे कोण, कुठले, आधी काय करायचे, असं विचारायचं नसतं. मी विचारतो. एकजण आधी डिजिटल मार्केटिंग करायचा, त्याआधी क्रिप्टोचे वर्ग घ्यायचा आणि त्याच्याही आधी विमा विकायचा. 'म्हणजे ऑटोमेशनचा अनुभव?' असं मी विचारल्यावर त्यानं आपण सकाळचे शुभेच्छा संदेश आपोआप जातील अशी सोय केल्याचं सांगितलं.

ओळखायची खूण बूट. आयएसओवाला काळे पॉलिशचे घालून यायचा, एआयवाला पांढरे. अंगात टी-शर्ट, त्यावर ब्लेझर, पाठीला सॅक आणि पायांत दुधासारखे पांढरे बूट. मशीन शॉपच्या फरशीवर कूलंट सांडलेलं असतं, धातूच्या कपच्यांची बर्र पडलेली असते, आणि ती बर्र तळव्यात अशी रुतते की पुढे घरातल्या टाइल्सवरही चरे पडतात. त्यामुळे पांढरे बूटवाला दारातूनच मशीन शॉप 'पाहतो' आणि एसी केबिनकडे वळतो. जो आत जातो तो दुसऱ्या खेपेला जुने बूट घालून येतो. दुसऱ्या खेपेचे बूट पाहिल्याशिवाय कुणालाही काम देऊ नये असं माझं मत आहे, पण मत विचारायला मला कुणी आत बोलवत नाही.

केबिनचं दार उघडंच असतं, त्यामुळे पुढचं ऐकू येतं. पहिल्या स्लाइडवर वाफेचं इंजिन, दुसऱ्यावर वीज, तिसऱ्यावर संगणक आणि चौथ्यावर एक यंत्रमानव माणसाशी हात मिळवतोय. 'चौथी औद्योगिक क्रांती' असं मोठ्या अक्षरांत. ज्याच्या कारखान्यात कालपासून एक फेज गेलेला आहे त्याला ही क्रांती दाखवली जात असते. मालकाचं क्रांतीशी वैर नसतं. तो शांतपणे सगळं बघतो, चहा मागवतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'यावर जीएसटी किती?'

'अठरा टक्के, सर.'

'इनपुट क्रेडिट मिळेल ना?'

क्रांतीची चर्चा तिथून खऱ्या अर्थानं सुरू होते.

दुसरा प्रश्न हल्ली हमखास येतो आणि तो फार अवघड असतो. २०२५ च्या जुलैत एअरटेलनं आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं, ऑक्टोबरात जिओनं गुगलचं जेमिनी प्रो दीड वर्ष फुकट देऊ केलं, आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट झालं. तेव्हा मालक म्हणतो, 'हे एआय तर मोबाइलच्या रिचार्जवर फुकट मिळतंय. तुम्ही कशाचे पैसे घेताय?' मी पाहिलेल्यांपैकी निम्मे सल्लागार या प्रश्नाला उठले. उरलेल्यांनी 'इंटिग्रेशन' असं उत्तर दिलं. मालकांना तो शब्द ईआरपीच्या वेळेपासून माहीत आहे. तो ऐकला की ते चेकबुकाचा ड्रॉवर गुडघ्यानं बंद करतात.

मालक कोण, तेही सांगायला हवं. सरकारी व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून बदलली. आता १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला उद्योग 'सूक्ष्म', १०० कोटींपर्यंत उलाढालीचा 'लघु' आणि ५०० कोटींपर्यंतचा 'मध्यम'. माझे एक गिऱ्हाईक साडेआठ कोटींची उलाढाल करतात, जावयाला गाडी देतात, गणपतीची वर्गणी पाच आकडी देतात. आपण सूक्ष्म आहोत हे त्यांना सीएकडून कळलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. सल्लागारांच्या पुस्तकात मात्र सूक्ष्म, लघु, मध्यम असा भेद नसतो. धीरूभाई अंबानींना जे दाखवलं असतं तेच ते यांनाही दाखवतात.

आता आतलं सांगतो. साडेआठ कोटीवाल्या त्या गिऱ्हाइकांना सगळे आप्पा म्हणतात. एआयवाल्याला बोलावतात चिरंजीव आणि त्याचे पैसे देतात आप्पा, ही सगळ्याच कारखान्यांतली रीत. चिरंजीवांना कोटेशन ऑटोमॅटिक करायचं होतं. ड्रॉइंग आलं की एआयनं वाचावं, भाव काढावा, मेल करावा. सल्लागारानं लॅपटॉप उघडला आणि आप्पांना म्हणाला, 'सर, तुमची आत्ताची प्रोसेस काय आहे?'

आप्पांनी प्रोसेस दाखवली. फोनवर आलेलं ड्रॉइंग उघडलं, चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, एकदा उलटं केलं आणि म्हणाले, 'अठ्ठेचाळीस.'

'कसं काढलंत?'

'बघून.'

सल्लागार हट्टी होता. त्यानं तोडून तोडून विचारलं. आप्पा बोटं मोडत गेले. मटेरियल बारा, मशीन वीस, प्लेटिंग चार. झाले छत्तीस.

'उरलेले बारा म्हणजे नफा?'

'छे. हा परचेसवाला पाच रुपये पाडल्याशिवाय पीओ काढत नाही, ते आधीच चढवलेत. पेमेंट नव्वद दिवसांनी देतो, त्याचं व्याज तीन. शंभरात चार नग उगाच रिजेक्ट करून परत पाठवतो, त्याचे दोन.'

'मग उरले दोन.'

'ते आपले.'

सल्लागारानं हे सगळं लिहून घेतलं. पाच रुपयांच्या पुढे त्यानं 'कस्टमर बिहेवियर' असं लिहिलेलं मी काचेतून वाचलं. मग तो म्हणाला, 'उत्तम. आता मागच्या पाच वर्षांच्या कोटेशन्सचा डेटा द्या, म्हणजे सिस्टिमला शिकवता येईल.'

डेटा होता. तो कपाटात होता. कटिंग ऑइलवाले दर दिवाळीला ज्या डायऱ्या देतात त्यांत होता. २०२३ चे भाव २०१९ च्या डायरीत होते, कारण २०१९ ची कोरी राहिली होती. काही भाव चलनांच्या पाठीवर, काही कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी. एका महत्त्वाच्या गिऱ्हाइकाचा तर पॉवर प्रेसच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेला होता आणि तिथं फडकं मारायला सगळ्यांना बंदी होती. उरलेला डेटा सुपरवायझरच्या व्हॉइस मेसेजेसमध्ये. प्रत्येक मेसेज दोन-अडीच मिनिटांचा. त्यातली पहिली दोन मिनिटं प्रेसचा आवाज आणि शेवटी 'कळलं ना?' एवढंच स्पष्ट.

एआय कन्सल्टिंग म्हणतात ते इथून पुढे सुरू होतं, आणि त्यात एआय कुठेच नसतं. डायऱ्या बघून आकडे एक्सेलमध्ये भरायला बसायचं. सल्लागारानं त्यासाठी एक शिकाऊ मुलगा बसवला. मुलाला आप्पांचं अक्षर लागेना, म्हणून आप्पा त्याच्याशेजारी बसले. असे आठ-दहा दिवस गेले. त्या दिवसांत कारखान्यातून एकही कोटेशन गेलं नाही, कारण कोटेशन काढणारा माणूस ऑटोमेशनमध्ये अडकला होता.

मला यात मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. चिरंजीवांना आप्पांच्या डोक्यातले भाव सिस्टिममध्ये हवे होते. आप्पांनाही ते कळत होतं. भाव एकदा सिस्टिममध्ये गेले, की सकाळी नऊला कारखान्यात यायचं कारण उरत नाही, हेही कळत होतं. म्हणून आप्पा मटेरियल, मशीन, प्लेटिंग सगळं सांगायचे आणि परचेसवाल्याच्या सवयीचा आकडा दर वेळी जरा चुकीचा सांगायचे. सुपरवायझरचं तसंच. मशीनवर सेन्सर बसवायचा विषय निघाला की त्याला घाम फुटायचा. दुसऱ्या पाळीत मशीन खरोखर किती वेळ फिरतं हा त्याच्या आयुष्यातला एकमेव खासगी कोपरा होता. सल्लागाराला वाटत होतं की आपण सॉफ्टवेअर लावतोय. घरात वाटण्या चालल्या होत्या आणि हा मधे लॅपटॉप घेऊन बसला होता.

वसुलीचं प्रकरण याच्याही पुढचं. ते दुसऱ्या एका कारखान्यातलं. थकबाकीची यादी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतेच. ती व्हॉट्सॲपला जोडायची, तारीख उलटली की आठवण आपोआप. सल्लागारानं हे दोन दिवसांत करून दिलं आणि ते पहिल्याच दिवसापासून चाललंही. तो पहिला दिवस लक्ष्मीपूजनाचा होता. सगळ्या कारखान्यांत चोपड्या मांडलेल्या, फुलं वाहिलेली, आणि संध्याकाळी साडेसहाला झाडून सगळ्या गिऱ्हाइकांच्या फोनवर मेसेज: 'प्रिय ग्राहक, आपली थकबाकी चोवीस तासांत भरावी.' लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातून पै बाहेर जाऊ देत नाहीत. त्या वेळी पैसे मागणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

त्या यादीत मालकांचे व्याहीही होते. व्याह्यांकडे सव्वा लाख होते. ते बरीच वर्षं होते आणि लेक त्या घरात सुखात होती. सव्वा लाख ही थकबाकी नव्हेच, हे टॅलीला कोण सांगणार? मालकीणबाईंनी दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या फराळाआधी एआय बंद करायला लावला.

तरी तो पुन्हा चालू झाला, कारण वर्षाचे पैसे भरलेले होते. या वेळी व्याही वगळले, सणवार घातले आणि 'पत्र ठाम पण सभ्य असावं' अशी सूचना दिली. एआयनं कारखान्याच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार लघु उद्योजकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. शिवाय आयकराच्या तेव्हाच्या कलम ४३बी(एच)नुसार वेळेत न दिलेल्या बिलाचा खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, याची नम्र आठवण. खाली व्याजाचा तक्ता, पैशांपर्यंत. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. घोटाळा झाला तो त्यामुळेच. तासाभरात तिकडून परचेसच्या साहेबांचा फोन, 'तुम्ही कायद्यानं चालायचं ठरवलंय का? मग पुढचा लॉट आम्हीही कायद्यानं तपासतो.'

कायदा छोट्यांच्या बाजूचा आहे आणि ऑर्डर मोठ्यांच्या हातात. या दोघांच्या मधून जी वाट जाते तिच्यावरून मालक वीस वर्षं चालत होते. आधी साहेबांच्या मुलाच्या बारावीची चौकशी, मग प्लँटला काम कसं आहे, मग चहा, आणि निघताना, दाराचा हँडल हातात धरून, 'साहेब, ते मागचं जरा बघता का?' हे वाक्य दारात उभं राहूनच म्हणायचं असतं. बसून म्हटलं तर ती मागणी होते. मालक त्याच संध्याकाळी मिठाईचा बॉक्स घेऊन गेले. एआयचं वर्षाचं भाडं आणि बॉक्स मिळून जो खर्च झाला त्यात एक वसुलीचा माणूस ठेवता आला असता. पण तो कायदा वाचून आला नसता, हेही खरं.

अशा वेळी चूक कुणाची, हा प्रश्न जगभर पडलेला आहे. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं. तिथं कंपनीनं असा पवित्रा घेतला, की चॅटबॉट ही स्वतंत्र व्यक्ती असून तिच्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत निकाल प्रवाशाच्या बाजूनं लागला. कॅनडात या बचावाची फार चर्चा झाली. भोसरीत तो तीस वर्षं रुळलेला आहे. माल चुकीचा गेला की मालक म्हणतात, 'नवीन पोरगं आहे हो, ते काहीतरी बोललं असेल.' आपलं पोरगं निदान समोर उभं करून झापता येतं.

कॅलिफोर्नियातल्या एका शेव्हरोले शोरूमच्या बॉटला २०२३ च्या डिसेंबरात एका गृहस्थानं बोलण्यात गुंतवून एका डॉलरला अख्खी टाहो गाडी विकायला कबूल करून घेतलं. 'हा पक्का सौदा' असंही बॉटकडून वदवून घेतलं. गाडी अर्थातच मिळाली नाही. एक साधा संगणकवाला माणूस एवढं करतो, तर तुळशीबागेत घासाघीस करून हात बसलेल्या आमच्या काकवांपुढे तो बॉट किती टिकला असता? काकूंनी डॉलर तर दिलाच नसता, वर सीट कव्हरं मागितली असती.

आमच्याकडच्या बॉटची तऱ्हा साधी. एका कारखान्यानं व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा बॉट लावला. भोसरी-पिंपरीकडच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. बॉट जगभरचं वाचून आलेला. तो सगळ्यांना रविवारी बंद, गुरुवारी चालू असं सांगत सुटला. गुरुवारी गेटवर तीन टेंपो, आणि वॉचमन आंघोळीला गेलेला.

हे वाचून कुणाला वाटेल मी एआयच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. आता जे सांगतो ते मी याच सोफ्यावरून पाहिलंय.

प्रत्येक छोट्या कारखान्यात एक टॅलीवाल्या मॅडम असतात. टॅली १९८६ मधली. बंगळूरच्या गोएंका पितापुत्रांनी केलेली. मुलगा भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या मते आणखी काही लाख पद्मश्री मॅडम लोकांना द्यायला हरकत नाही. मॅडम आठवड्यातून तीन दिवस येतात, डबा आणतात, मालकांना 'सर' म्हणतात आणि सरांना काय करायचं ते सांगतात. टॅलीचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असला तरी तो खोटा असतो; खरा त्यांच्या डोक्यात. एआयवाले मॅडमना स्लाइडवर 'मॅन्युअल डेटा एंट्री' म्हणतात आणि त्यांच्या नावावर फुली मारून दाखवतात. मॅडम तेव्हा चहा द्यायला आत आलेल्या असतात. तो सल्लागार परत आला की त्याला हवी ती फाइल कधीही सापडत नाही.

एक सल्लागार मुलगी मात्र आली तीच मॅडमच्या टेबलाशी. महिन्याची १८ तारीख होती. जीएसटीवाल्यांना सांगायला नको: १४ ला जीएसटीआर-२बी ही यादी येते, २० ला ३बी हे विवरणपत्र भरायचं, आणि मधल्या दिवसांत आपण घेतलेलं प्रत्येक बिल पलीकडच्या माणसानं सरकारला दाखवलंय की नाही ते जुळवायचं. नाही दाखवलं तर तेवढ्या कराचं क्रेडिट गेलं. मॅडमनी २बी आणि टॅली अशा दोन्ही याद्यांचे प्रिंट काढले होते आणि फूटपट्टी ठेवून पेन्सिलीनं टिका मारत होत्या. मुलगी स्टूल ओढून बसली. जेवायच्या सुट्टीपर्यंत ती फक्त बघत होती. मग तिनं विचारलं, 'मॅडम, हे बिल जुळतंय की. मग टीक का नाही केलीत?'

'त्यांनी नंबर आयएनव्ही स्लॅश शून्य पंचेचाळीस स्लॅश चोवीस-पंचवीस लिहिलाय. आपण टॅलीत नुसतं पंचेचाळीस टाकलंय. टॅली म्हणते हे दुसरं बिल. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.'

महिन्याला अशी काहीशे बिलं. मुलीनं घरी जाऊन एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: नंबरातले स्लॅश, शून्यं, वर्ष काढून टाकायचं, जीएसटी नंबर, रक्कम आणि तारीख ताडायची, जुळतात ती बाजूला आणि संशयाची तेवढी मॅडमपुढे. दोन दिवसांचं काम चहा होईपर्यंत उरकायला लागलं. मालक खूश. त्यांनी विचारलं, 'यात एआय कुठंय?'

'यात एआय नाही, सर. याला लागत नाही.'

मालकांचा चेहरा उतरला. इतके पैसे मोजून एआय नाही? चिरंजीवांनी तर रोटरीत सांगून ठेवलं होतं. शेवटी प्रोग्रॅमच्या वर मोठ्या अक्षरांत 'एआय' असं लिहून दिलं तेव्हा बिल पास झालं. प्रामाणिक सल्लागाराचं या धंद्यात कसं होत असेल याची मला तेव्हा पहिल्यांदा काळजी वाटली. जे काम खरोखर होतं ते इतकं साधं असतं की त्याची स्लाइड करता येत नाही.

पुढच्या महिन्यात तिनं खरा एआयही लावला. टेंपोवाले, भंगारवाले, नट-बोल्टवाले यांची बिलं मोबाइलवर फोटो काढून टाकायची. तो वाचतो आणि टॅलीला भरून देतो. छान वाचतो. तेलाचा डाग पडलेल्या एका बिलावरचे सात हजार त्यानं एक हजार वाचले, पण शेवटची नजर मॅडमची ठेवलेली असल्यामुळे ते तिथंच पकडलं गेलं. मॅडम आता टिका मारत नाहीत. ज्यांनी बिलं सरकारला दाखवली नाहीत त्यांना फोन करून झापतात. ते काम त्यांच्या स्वभावाला जास्त जवळचं आहे. मालकांचं बुडणारं क्रेडिट वाचायला लागलं, आणि माझंही एक बिल सरकारला दाखवायचं राहिलेलं मॅडमनी पकडलं. माझं पेमेंट थांबवायला कारखान्याला पहिल्यांदाच कायदेशीर कारण मिळालं.

एक गोष्ट गमतीत सांगता येत नाही. पोरं मोठ्या कंपन्यांची ड्रॉइंग्ज फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून भाव विचारतात. त्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'गोपनीय' असं छापलेलं असतं आणि मालकांनी तसा करार सही करून दिलेला असतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीला चिकटवल्याचं उघड झालं आणि कंपनीनं अशी साधनं वापरायला बंदी घातली. सॅमसंग त्यातून तरली. आपल्या गाळ्याचं एकच मोठं गिऱ्हाईक असतं. एवढं एक सांगितलं नाही त्या सल्लागारानं बाकी काहीही सांगितलं तरी उपयोग नाही.

एआयवाल्यांच्या स्लाइडवर हल्ली किर्लोस्करही असतात. लक्ष्मणरावांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. तुम्हीही त्या शेतकऱ्यांसारखेच आहात, असं सुचवायचं असतं. आप्पा हे ऐकून हसले. म्हणाले, 'अहो, पण त्यांनी नांगर आणला होता. शेतात घालून दाखवला की कळत होतं. तुम्ही काय आणलंय?' सल्लागारानं लॅपटॉप पुढे केला. त्यावर 'डेमो लवकरच' असं होतं.

तेव्हा गाळेवाल्यांनो, कुणी एआय बसवायला आला तर त्याला केबिनमध्ये घेऊ नका आणि प्रोजेक्टर लावू देऊ नका. १८ तारखेला बोलवा, मॅडमशेजारी स्टुलावर बसवा. संध्याकाळपर्यंत टिकला आणि एकतरी शहाणा प्रश्न विचारला, तर एक छोटं काम द्या. पैसे त्या कामाचे द्या, वर्षाचे नको. आणि ॲडव्हान्स किती द्यायचा ते मला विचारू नका, मॅडमना विचारा.